न विकलेल्या मालाचं दुकान

पेठेतलं एक जुनं किराणा दुकान रिकामं होत होतं. दारात टेम्पो उभा. पत्र्याचे डबे, सागवानी खणांची मांडणी, तागडी, लोखंडी वजनं असं सगळं ओळीने फुटपाथवर आलं होतं आणि भंगारवाला त्यातून धातू वेगळा काढत होता. वजनं एका गोणीत गेली, पितळी पारडी दुसऱ्या. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या एकाने डबे आणि गल्ल्याची पेटी आधीच बाजूला काढून ठेवली होती. त्यांना गिऱ्हाईक असतं, हॉटेलवाले सजावटीला घेतात. सगळ्यात शेवटी लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या बाहेर आल्या. त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. रद्दीवाल्याने त्यांचे गठ्ठे सुतळीने आवळले, ताणकाट्याला अडकवले, आकडा मोठ्याने वाचला आणि घेऊन गेला.

त्या अख्ख्या दुकानातलं सगळ्यात मोलाचं सामान त्या गठ्ठ्यांत होतं.

जुनं दुकान जपायचं म्हटलं की बरण्या, डबे, तागडी हेच आधी आठवतं. पण किराणा दुकानाचा स्वभावच असा की त्यात काही टिकू नये. माल येतो, फळीवर चढतो, उतरतो, तोलला जातो, पुडीत बांधला जातो आणि घरोघरच्या चुलीवर संपतो. जे उत्तम खपलं त्याचा मागमूस उरत नाही. साखर, तांदूळ, गूळ, रॉकेल, बाजरी हे दुकानाचं खरं पोट. पन्नास वर्षांनी कुलूप उघडल्यावर यातलं काहीच सापडत नाही. सापडतं ते न खपलेलं: कोणी मागितलीच नाही अशी निळीची पुडी, फिरत्या विक्रेत्याने गळ्यात मारलेला साबण, एका हंगामात जास्त मागवलं गेलेलं काहीतरी. जुन्या फळीवर जे दिसतं तो दुकानदाराच्या चुकलेल्या अंदाजांचा साठा असतो. जे अंदाज बरोबर आले ते फक्त वहीत सापडतात. म्हणून वही गेली की संग्रहालयात उरलेलं दुकान अर्धवट राहतंच, शिवाय ते चुकीचं सांगू लागतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ऑस्ट्रेलियातल्या एका दुकानात. क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला, मेरी नदीकाठी मेरीबरो नावाचं गाव आहे. १८६७ मध्ये जवळच्या जिम्पीला सोनं सापडलं आणि या नदीबंदरातून माणसं आणि माल आत जाऊ लागला. १८७१ मध्ये पॅट्रिक ब्रेनन आणि मार्टिन गेराटी या नात्याने मेहुणे असलेल्या दोघांनी इथल्या लेनक्स स्ट्रीटवर किराणा दुकान काढलं. ते त्याच जागी, त्याच कुटुंबात १९७२ पर्यंत चाललं. शेवटचे मालक जॉर्ज गेराटी यांनी दार बंद केलं, पण दुकान रिकामं केलं नाही. १९७५ मध्ये क्वीन्सलंडच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ते विकत घेतलं आणि १९९० मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. फळ्यांवर १८९० च्या दशकापासूनचा माल होता. त्यात करी पावडरही आहे. आपल्याकडच्या मसाल्यांवरून इंग्रजी व्यापाराने बेतलेला हा जिन्नस क्वीन्सलंडच्या एका दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहत शंभर वर्षं बसून राहिला. मालाबरोबर कारभाराचे कागदही राहिले, आणि या दुकानाचं वेगळेपण त्यातच आहे.

१९७५ आणि १९९० या दोन सालांमधलं अंतर बघणाऱ्याला आळस वाटेल. दुकान ताब्यात आल्यावर ते उघडायला पंधरा वर्षं का लागावीत? याचं उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. भरलेलं दुकान जपणं हे वाडा जपण्यापेक्षा किचकट असतं. वाड्यात लाकूड, चुना, दगड अशा चार-सहा गोष्टी सांभाळायच्या. दुकानात एकाच फळीवर कागद, पत्रा, काच, रबर, पीठ, मीठ, तेल आणि विष शेजारी शेजारी बसलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळी हवा लागते. कागदाला सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते, पत्र्याला ४० च्या खाली बरं वाटतं, आणि ६५ च्या वर हवा राहिली की पीठ, खळ, कापड यांवर बुरशी धरते. मेरीबरोचा उन्हाळा उष्ण आणि दमट. युरोपातल्या संग्रहालयांचे कोरड्या-थंड हवेतले धडे तिथे लागू पडत नाहीत आणि आपल्याकडेही पडत नाहीत. रत्नागिरीत किंवा पणजीत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता ८० च्या वर राहते, त्यामुळे मेरीबरोसारख्या गावाने काय केलं हे आपल्याला जास्त कामाचं.

पहिला नियम अगदी साधा आहे, तरी सर्रास मोडला जातो: काहीही हलवायचं नाही. दुकानात वस्तू कुठे ठेवली आहे ही वस्तूइतकीच महत्त्वाची माहिती असते. हाताशी, कमरेच्या उंचीवर रोजचा माल. डोक्याच्या वर महिन्यातून एकदा लागणारा. शिडी लावावी लागते तिथे सणासुदीचा आणि विसरलेला. फळीच्या ज्या भागाची कड बोटांनी गुळगुळीत झाली असेल तिथे खपाऊ माल होता, आणि जिथे धार तशीच आहे तिथे क्वचित हात गेला. डबा काढून पुसून ‘नीट’ ठेवला की हे सगळं गेलं. म्हणून आधी प्रत्येक भिंत समोरून, कॅमेरा एकाच उंचीवर ठेवून, कडेला मोजपट्टी धरून टिपायची. मग भिंतीला अक्षर, उभ्या खणाला आकडा, फळीला वरून खाली आकडा, आणि फळीवरच्या वस्तूला डावीकडून उजवीकडे आकडा. ‘ख-३-२-११’ म्हणजे ख भिंत, तिसरा खण, दुसरी फळी, अकरावी वस्तू. मागे दुसरी रांग असेल तर तिला वेगळं चिन्ह, कारण नवा माल पुढे रचला जायचा आणि जुना मागे ढकलला जायचा. मागची रांग म्हणजे वर्षांचा थर. दोन माणसं लागतात: एक फक्त हाताळतो, दुसरा फक्त लिहितो. एकाच माणसाने दोन्ही करायला घेतलं की दुपारनंतर आकडे घसरायला लागतात.

आकडा वस्तूवर घालायचा तोही विचार करून. पत्रा आणि काच यांवर आधी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, तो वाळल्यावर त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा थर. ॲसिटोनने ते सगळं एका फटक्यात निघून येतं, वस्तूला काही होत नाही. कागदावर फक्त मऊ शिसपेन्सिल, २बी. चिकटपट्टी कशालाच नाही. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग तो काढता येत नाही. गोण्या आणि दोऱ्या यांना सुती फितीची चिठ्ठी बांधायची.

आपल्या दुकानांत आणखी एक अडचण येते. डब्यावर जे छापलंय ते डब्यात नसतं. बिस्किटांच्या चौकोनी डब्यात जिरं, डालड्याच्या पिवळ्या डब्यात सुकं खोबरं, औषधाच्या बरणीत लवंगा. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि त्याचे डबे पुढे दुकानांतून, घरांतून आणि अंगणातल्या तुळशीपर्यंत पोचले. तेव्हा ‘डालडा डबा, १’ अशी नोंद करून पुढे जाता येत नाही. आत काय होतं हे तळाच्या कणांवरून, वासावरून, झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेल्या अक्षरावरून शोधावं लागतं. तळातली चिमूटभर भुकटी काचेच्या लहान नळीत, त्याच आकड्याने, वेगळी ठेवायची. सूक्ष्मदर्शकाखाली हळद आणि बेसन सहज वेगळे ओळखू येतात, नुसत्या डोळ्यांनी पन्नास वर्षांनंतर येत नाहीत.

धूळ झटकणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. दुकानातली धूळ साधी नसते. तिच्यात पीठ, कंदिलाची काजळी, तेलाची वाफ आणि गुळाचा चिकटा असतो. ओलं फडकं फिरवलं की पीठ फुगून त्याची खळ होते आणि लेबल तिच्याबरोबर सुटून येतं. मऊ ब्रशने धूळ उचलायची आणि शेजारी कमी ओढीचा व्हॅक्यूम धरायचा, त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधून. सुटलेला लेबलाचा तुकडा मग नळीत न जाता जाळीवर अडकतो. काही धूळ मुद्दाम तशीच ठेवावी असं माझं मत आहे. सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे वस्तूंचे गोल ठसे धुळीत उमटलेले असतात, तो थर म्हणजे काय केव्हा उचललं गेलं याची नोंद आहे. ती एकदा पुसली की परत मिळत नाही.

मग जिवंत पाहुणे. मसाल्याच्या दुकानाचा खरा वैरी म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा एक तपकिरी भुंगा, शास्त्रीय नाव स्टेगोबियम पॅनिसियम. तो मिरची पूड खातो, धने खातो, करी पावडर खातो, आणि ते संपलं की वहीच्या बांधणीतली कणकेची खळ आणि पुठ्ठा खातो. म्हणजे मसाल्याच्या एका बंद डब्यात दुर्लक्षित राहिलेली कीड शेवटी कागदापर्यंत पोचते. तांदूळ-गव्हातला सोंडकिडा निदान दाण्यापुरता राहतो, हा राहत नाही. पुडक्याखाली बारीक भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली की समजायचं. विषारी धुरी देण्यापेक्षा गोठवणं चांगलं. वस्तू जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करायची आणि उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायची. घरगुती डीप फ्रीझर उणे १८ च्या आसपास थांबतो, तिथे दोन आठवडे द्यावेत. बाहेर काढल्यावर पिशवी पुरे २४ तास उघडायची नाही. थंड वस्तूवर दव धरतं, ते पिशवीच्या बाहेर धरावं, लेबलावर नाही. तेलाने भरलेल्या बाटल्या, रोगण लावलेलं लाकूड, ताणून बसवलेली काच यांना गोठवू नये. त्यांच्यासाठी ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद पिशवी, आत ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या खाली आणि मुदत तीन आठवडे. हे झालं की संपलं असं नाही. भिंतीच्या कडेने चिकट सापळे लावून महिन्याला मोजणी ठेवावी लागते, कायमची.

सगळ्यात अवघड निर्णय असतो आतल्या मालाचा. डबाबंद फळं, मासे, दूध यांचे जुने डबे फुगतात. कधी आम्लाने पत्र्याला आतून खाऊन हायड्रोजन धरतो, कधी जंतूंचा वायू. शिवणीला शिशाचं डाख असतं. असा डबा फळीवर फुटला तर शेजारच्या वीस लेबलांचं वाटोळं होतं. त्यावरचा मार्ग असा: हातमोजे आणि चष्मा घालून, बाहेर मोकळ्या हवेत, लेबल पॉलिथिनमध्ये गुंडाळून डबा उलटा करायचा आणि बुडाला दोन लहान भोकं पाडायची, एकातून हवा जाते आणि दुसऱ्यातून आतलं गळतं. धुऊन, पूर्ण वाळवून, डबा पुन्हा सरळ उभा केला की समोरून काही कळत नाही. आधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवायचं. पुढे कोणी संशोधक डबा उचलेल तेव्हा तो हलका का हे त्याला समजलं पाहिजे. हे करताना वाईट वाटतं. शंभर वर्षं बंद राहिलेली वस्तू आपण उघडतो आणि तिच्यातलं काढून टाकतो. तरी करावं. न उघडता ठेवलेला फुगता डबा शेवटी स्वतःच उघडतो, आणि तेव्हा लेबलही जातं.

मीठही असंच फसवतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. तो पाझर लाकडाच्या रेषांतून सरकत खिळ्यांपर्यंत जातो आणि मांडणीचे खिळे आतून गंजतात. वरून लाकूड धडधाकट दिसतं, फळी एक दिवस अचानक सुटते. म्हणून मिठाची खोकी आणि मिठाचं पोतं जिथे होतं तिथले सांधे आधी तपासायचे. हिंगाच्या डब्याशेजारची पितळी-तांब्याची मापं काळी पडलेली असतात, त्याला कारण हिंगातली गंधकयुक्त बाष्पं. आणि जुन्या दुकानात विष असतंच: उंदरांच्या औषधात सोमल म्हणजे आर्सेनिक, धुण्याचा कॉस्टिक सोडा, पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या. या काड्यांवर भारतात १९१३ च्या कायद्याने बंदी आली, पण बंदीच्या आधीचं पुडकं वरच्या फळीवर निघणारच नाही असं समजू नये. अशा वस्तूंचं वेष्टन ठेवावं, आतलं रसायन रीतसर नष्ट करावं आणि तशी नोंद ठेवावी.

वजनांना मात्र चकाकी देऊ नये, हे हात जोडून सांगावंसं वाटतं. लोखंडी वजनाच्या बुडाशी किंवा माथ्याशी एक खळगा असतो, त्यात शिसं ओतलेलं असतं. वजन कमी भरलं तर तिथे भर घालायची, जास्त भरलं तर तिथूनच काढायचं, आणि तपासून झालं की निरीक्षक त्याच शिशावर ठसा मारायचा. नव्या भारतीय ठशांत वर्ष आणि तिमाहीचं अक्षर असतं. ठशांवर ठसे पडत गेलेले असतात. पितळ घासायच्या भुकटीने ते दहा मिनिटांत जातात आणि एक लखलखीत, मुका गोळा हातात उरतो. तराजूच्या दांडीत मधला आधार म्हणजे पोलादी धार. तिच्यावर बारीक गंज चढला की दांडी अडकते, म्हणून पारडी रिकामी ठेवून, दांडी खालून टेकू देऊन मांडायची, टांगून झुलत नाही. खोबरेल किंवा गोडं तेल लावू नये. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

आपल्याकडे जुनी मापं इतकी कमी का सापडतात याचंही कारण कायद्यात आहे. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला, आणि शेर-छटाकाची वजनं दुकानात ठेवणं हळूहळू गुन्हा ठरलं. ती भंगारात गेली. धान्याची मापं, पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, वाचली ती घरांत, कारण घरात निरीक्षक येत नव्हता. मेरीबरोला हे उलट घडलं. तिथे १९६६ मध्ये पौंड-शिलिंग जाऊन डॉलर आला, पण मेट्रिकचा कायदा १९७० चा, आणि तो किराणा मालाच्या पुडक्यांपर्यंत पुरता पोचायच्या आत दुकान बंद झालं. त्यामुळे पौंड आणि औंस जिथल्या तिथे राहिले. दुकान कोणत्या वर्षी बंद पडतं यावर त्यात काय सापडणार हे असं ठरतं.

मग वह्या. महाराष्ट्रातल्या जुन्या वाण्याकडे रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द असायची, खातेवार हिशेबाची खतावणी असायची, आणि उधारीची वही वेगळी. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वह्यांची पूजा, पाडव्यापासून नवं खातं. जुन्या पद्धतीच्या वहीला छापील रेषा नसतात. पान घडी घालून त्याच्या सळांचेच रकाने होतात, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पानं ‘सपाट’ करायला दाबाखाली ठेवली की सळ मोडतात आणि हिशेबाची रचनाच पुसली जाते. मी एवढं जोर देऊन लिहितो कारण चांगल्या हेतूने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. दुसरं नुकसान पाण्याचं. काजळाची शाई काळ्याची काळी राहते, ऊन तिला फिकं करू शकत नाही, पण तिच्यातला गोंद पाण्यात सुटतो. बांधणीच्या कापडाचा लाल रंगही सुटतो. पावसात छप्पर गळून वही भिजली तर ती उघडू नये. तशीच मलमलीत गुंडाळून, पिशवीत घालून गोठवावी आणि मग जाणकाराकडे न्यावी. गोठलेल्या वहीत शाई पसरत नाही आणि विचार करायला वेळ मिळतो. युरोपी खातेवह्यांची गोष्ट निराळी. त्यातली हिराकस-मायफळाची शाई आम्लाने कागद खाते आणि आकड्यांच्या जागी भोकं पडतात. लोह ओळखणाऱ्या बॅथोफेनॅन्थ्रोलिन या रसायनाची पट्टी ओली करून शाईला टेकवली आणि ती किरमिजी झाली, तर शाईत मोकळं लोह आहे आणि ही वही आता हाताळायची नाही.

लिपी हा त्यापुढचा अडथळा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी वाण्याची वही मोडीत असे, गुजराती किंवा मारवाडी दुकानदाराची त्याच्या त्याच्या लिपीत. मोडी वाचणारे आज आहेत, शिकवणीचे वर्गही चालतात, पण शिकलेले बहुतेक जण पेशवाईची पत्रं वाचायला जातात. दोन आण्यांच्या हळदीची नोंद कोण वाचणार? मला वाटतं ती वाचायला हवी. १९५७ च्या आगेमागे तर एकाच वहीत आणे-पै आणि नये पैसे शेजारी येतात. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, मग सुट्ट्यात सहा धरायचे की सात? दुकानदाराने काय केलं ते फक्त वहीत सापडेल. गावात चहा कधी रुजला, वनस्पती तूप पहिल्यांदा कोणाकडे गेलं, दुष्काळाच्या साली ज्वारीची जागा कशाने घेतली, कोणत्या महिन्यात उधारी वाढत जायची आणि पीक आल्यावर किती फिटायची, हे सरकारी दप्तरात नाही.

पण वहीत माणसंही असतात. अमक्याने तीन वर्षं पैसे दिले नाहीत, तमक्याच्या घरी त्या महिन्यात फक्त मीठ आणि रॉकेल गेलं. ही घरं अजून त्याच गल्लीत राहतात. काचेखाली उघडं पान ठेवताना कोणाची गरिबी आपण भिंतीवर लावतोय याचा विचार करावा लागतो. शंभर वर्षांच्या आतलं पान नाव झाकून दाखवावं आणि नावानिशी वाचायची परवानगी कुटुंबाला विचारून द्यावी, असं मला योग्य वाटतं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या जॉन डे या गावी काम वा चुंग नावाचं चिनी दुकान संग्रहालय झालं आहे. लंग ऑन आणि वैद्यकी करणारा ‘इंग हे’ अशा दोघांनी १८८७ पासून ते चालवलं. किराणा, औषधं, चिनी मजुरांची पत्रं, सगळं तिथे. १९४८ नंतर ते कुलपात राहिलं. उघडलं तेव्हा इंग हेच्या पलंगाखाली लोकांनी दिलेले आणि त्याने कधीच न वटवलेले धनादेश सापडले, एकूण सुमारे २३ हजार डॉलरचे. ज्यांनी दिले त्यांना पैसे जड जातील म्हणून त्याने ते ठेवून दिले असं तिथे सांगतात. कारण काहीही असो, दुकान आणि गाव यांच्यातलं नातं कोणत्याही बरणीपेक्षा त्या कागदांतून जास्त कळतं. पलंग झाडून जाळला असता तर औषधांचे पाचशेवर प्रकार उरले असते आणि ही गोष्ट गेली असती.

दुकान उचलून दुसरीकडे मांडायचाही प्रकार आहे. इंग्लंडमधल्या बीमिश संग्रहालयात ॲनफील्ड प्लेन गावचं सहकारी भांडार हलवून उभं केलंय. तिथे उतरत्या रुळांवरून पोकळ गोळ्यांत पैसे पाठवायची यंत्रणा चालताना दिसते, पोरं खूश होतात. त्यात वाईट काही नाही. पण असं दुकान भरताना चार ठिकाणचा उत्तम माल जमवला जातो, प्रत्येक डबा त्या काळचा आणि प्रत्येक लेबल देखणं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे एकेक करून आणलेले आहेत आणि ती निवड पाहताना मन भरून येतं. तिथे निवडणाऱ्याची नजर दिसते. जागच्या जागी राहिलेल्या दुकानात मात्र कोणीच निवड केलेली नसते. कुरूप, निरुपयोगी, अर्धं वापरलेलं सगळं राहिलेलं असतं, आणि मला त्याचीच जास्त ओढ आहे.

अशा जागी मोकळ्या पोत्यात खरं धान्य भरून ठेवायचा मोह होतो. तो आवरावा. पोत्यात कापूस किंवा फोमची भरणी, वर काच आणि काचेवर दोन बोटांचा थर, गोठवून घेतलेल्या धान्याचा, दर सहा महिन्यांनी बदलायचा. नवं बनवलेलं प्रत्येक पुडकं बुडाशी ‘प्रतिकृती’ आणि वर्ष लिहून ठेवावं, नाहीतर तीस वर्षांनी तेच अस्सल म्हणून नोंदलं जातं. रस्त्याकडे उघडणाऱ्या दाराच्या काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावावी आणि लेबलांवर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत ठेवावा. तांबड्यासारखे नाजूक रंग आधी उडतात, मागे फिकं भूत राहतं. वासाची फवारणी करू नये. जुन्या दुकानाचा वास ताज्या मालाचा होता, तो मालाबरोबर गेला. आता तिथे जो वास येतो, लाकूड, कागद, थोडा रॉकेलचा, तो खरा आहे.

नदीकाठच्या गावाला पुराची यादी करावीच लागते. मेरीबरोने १८९३ चा मोठा पूर पाहिला आणि २०२२ च्या सुरुवातीलाही नदीचं पाणी गावाच्या बाजारपेठेत शिरलं. सांगली, कोल्हापूर, महाड, चिपळूण इथल्या पेठांना हे नव्याने सांगायला नको. अशा ठिकाणी वह्या सगळ्यात खालच्या खणात, जिथे त्या वाण्याने सोयीने ठेवल्या असतील, तिथे ठेवता येत नाहीत. मूळ जागी फोटोसह रिकामी चौकट ठेवून वह्या वर न्याव्या लागतात. जागा न हलवण्याचा नियम मोडावा असं हे एकच कारण मला मान्य आहे.

आपल्याकडे दुकान बंद होतं तेव्हा संग्रहालय होण्याची शक्यता हजारात एक. बाकीच्यांसाठी निदान एवढं होऊ शकतं: टेम्पो येण्याआधी एका दिवसात फोनवर प्रत्येक फळीचा फोटो, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. वह्या रद्दीतून बाजूला काढून जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला, इतिहास मंडळाला किंवा मोडीच्या वर्गाला विचारणं. पान न दाबता, वही पूर्ण न उघडता, ९० अंशांत धरून फोटो काढता येतात. आणि मालकाशी बोलून झाल्यावर, दुकानात पोती उचलणारा, पुड्या बांधणारा म्हातारा नोकर हयात असेल तर त्याला फळ्यांच्या फोटोंसमोर बसवून विचारणं, की इथे काय असायचं, किती दिवसांनी संपायचं, कोणता माल रोखीने जायचा आणि कोणता उधारीवर, आणि शेठ कोणाला कधीच नाही म्हणत नसत.